क्रूझवरचं दूध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वेंगुर्ल्याकडचा, क्रूझ शिपवर सहा कॉन्ट्रॅक्ट केली, पहिली दोन बफेत आणि पुढची चार प्रोव्हिजन स्टोअरला, म्हणजे धक्क्यावर येणारं सगळं खाणंपिणं मोजून आत घ्यायचं आणि कोल्ड रूमला लावायचं. सुट्टीवर घरी आलो की लोक वादळाबद्दल विचारतील असं वाटायचं, पण नाही, गावातल्या काकू असोत की मुंबईचे पाव्हणे, पहिला प्रश्न हाच, "चहाला दूध कसलं असतं रे तिकडे?" आता ओळखीतले बरेच जण सिंगापूरची नाहीतर युरोपची क्रूझ बुक करतात आणि मग मला व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

क्रूझवर ताजं दूध मिळतं की टेट्रा पॅकचं?

दोन्ही. कुठलं मिळेल ते कंपनीपेक्षा जास्त बंदरावर ठरतं. जहाज ज्या बंदरातून सुटतं तिथल्या बाजारात जे दूध चालतं तेच सहसा जहाजावर चढतं. मायामी, फोर्ट लॉडरडेल, सिएटल इकडून सुटणाऱ्या जहाजांवर फ्रीजमधलं पाश्चराइज्ड दूध असतं कारण अमेरिकेत लोक तेच पितात. बार्सिलोना, मार्सेय अशा बाजूने सुटलात तर यूएचटी म्हणजे टेट्रा पॅकचं दूध दिसायची शक्यता जास्त. आणि ही काही कंपनीची कंजूषी नाही बरं का, फ्रान्स आणि स्पेनमध्ये घरोघरी विकलं जाणारं ९० टक्क्यांहून जास्त दूध यूएचटीच असतं, त्यांना त्यात काही वावगं वाटतच नाही. ब्रिटिश लोकांचं उलट, त्यांना फ्रीजमधलं ताजं लागतं, त्यामुळे यूएचटीवरून सगळ्यात जास्त कटकट तेच करतात आणि दुसरा नंबर आपला.

लांबच्या सफरी, म्हणजे अटलांटिक ओलांडणं, अंटार्क्टिका, किंवा ते शंभर दिवसांचं वर्ल्ड क्रूझ, तिथे मात्र यूएचटीशिवाय भागत नाही. मधे दिवसेंदिवस धक्काच नाही तर ताजं आणणार कुठून.

यूएचटीमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालतात का? इतके महिने टिकतं कसं?

नाही घालत. हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. साधं पाश्चराइज्ड दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, त्यात रोगाचे जंतू मरतात पण दूध नासवणारे काही उरतात, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. यूएचटी दूध १३५ अंशांच्या वर नेऊन दोन-चार सेकंद ठेवतात, लगेच गार करतात आणि निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. खोक्याला कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असतात म्हणून ना उजेड आत जातो ना हवा. आत जंतूच नाही तर नासवणार कोण! बंद खोकं बाहेर सहा महिने राहतं. एकदा उघडलं की मात्र त्याचं साधं दूध झालं, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आपल्याकडे गणपतीला नाहीतर ट्रेकला जाताना जे टेट्रा पॅक घेतो ते हेच.

मग त्याला तो वास कसला येतो?

उकळल्याचा. एवढ्या उष्णतेला दुधातली प्रथिनं थोडी तुटतात, त्यातून गंधकाचा अंश सुटतो आणि दुधातली साखरही किंचित करपल्यासारखी होते, म्हणून चव जरा गोडसर शिजल्यासारखी लागते. गंमत म्हणजे आपण घरी दूध तीन-तीनदा उतू जाईपर्यंत उकळतो त्यामुळे आपल्याला या वासाचा एवढा त्रास व्हायला नको, पण होतो, कारण ते थंड असताना समोर येतं. कॉर्नफ्लेक्सवर थंड यूएचटी ओतून खाल्लं तर मलाही नाही जात. गरम करून कॉफीत घाला, कळणारसुद्धा नाही.

सात दिवसांच्या ट्रिपमध्ये शेवटच्या दिवशीचं दूध शिळं असतं का?

शिळं नसतं, पण त्याच आठवड्याच्या लोडिंगचं असतं. हे जरा सविस्तर सांगतो कारण माझं कामच ते होतं.

जहाज पहाटे होम पोर्टला, म्हणजे जिथून सफर सुरू होते त्या बंदराला लागतं. तुम्ही बॅगा घेऊन उतरत असता तेव्हा खालच्या बाजूला जहाजाच्या पोटातला एक मोठा दरवाजा उघडतो आणि फोर्कलिफ्ट पॅलेट (माल रचलेल्या सपाट फळ्या) आत टाकायला लागतात. भाजी, मांस, अंडी, बटाटे, आणि दुधाचे पॅलेट वेगळे, रेफ्रिजरेटेड ट्रकमधून. मी प्रोब थर्मामीटर घेऊन उभा. दुधाचं तापमान ५ अंशांच्या वर दिसलं की तो पॅलेट सही न करता परत. एकदा ट्रकचा फ्रीज वाटेत बंद पडला होता, काटा ९ वर, ड्रायव्हर बिचारा फोनवर फोन करतोय, आणि आमच्या चीफने आख्खा ट्रक परत पाठवला, मग त्या आठवड्यात पाच दिवसांनंतर बफेत टेट्रा पॅक लागले. प्रवाशांना वाटलं आम्ही पैसे वाचवतोय, दोन-तीन जणांनी तर कमेंट कार्डवर लिहूनही दिलं.

तापमान झालं की तारीख बघायची. मग पॅलेट जॅकने मधल्या लांब कॉरिडॉरमधून, ज्याला अमेरिकन जहाजांवर सगळे आय-नाइन्टी फाइव्ह म्हणतात (तिकडच्या हायवेवरून नाव पडलंय), डेअरीच्या कोल्ड रूमपर्यंत. जुनं पुढे, नवीन मागे. संध्याकाळी चार-पाचला जहाज सुटायच्या आत हे सगळं.

किती लागत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ५,००० प्रवासी धरा, माणशी दिवसाला १५० मिली धरा, सात दिवसांचं ५,२५० लिटर झालं. त्यात स्टाफ, बेकरी, सॉस, आइस्क्रीम धरलेलं नाही. आणि आयकॉन ऑफ द सीज सारखं २०२४ ला सुरू झालेलं जहाज घेतलं तर त्यावर पूर्ण भरल्यावर ७,६०० प्रवासी असतात, वर २,३५० स्टाफ. मग विचार करा.

बफेतल्या त्या स्टीलच्या मशीनमधलं दूध चांगलं असतं का? कोण साफ करतं ते?

चांगलं असतं. आत टाकी नसते, लोकांना वाटतं तसं. आत १९ लिटरची, म्हणजे पाच गॅलनची सीलबंद पिशवी असते, तिला खाली पांढरी नळी, ती नळी दांड्याच्या चिमट्यात अडकवायची आणि टोक कापायचं. दूध त्या पिशवीतून थेट तुमच्या ग्लासात येतं, मशीनच्या कुठल्याच भागाला लागत नाही. पिशवी संपली की नळीसकट फेकायची.

त्या नळीचं टोक कापण्यावरून मी पहिल्या आठवड्यात बोलणी खाल्ली आहेत. सरळ कापलं होतं. तिरकं कापायचं असतं आणि बाहेर एक इंचापेक्षा जास्त लोंबता कामा नये, नाहीतर थेंब टोकाला साचून राहतो आणि लोकांचे कप त्याला घासतात. सुपरवायझर फिलिपिनो होता, त्याने माझ्यासमोर कात्री सॅनिटायझरमध्ये बुडवली, नळी ताणली, आणि कचकन तिरकी कापून म्हणाला, यूएसपीएच येईल तेव्हा ते पहिलं हेच बघतात.

यूएसपीएच म्हणजे आम्हा स्टाफच्या भाषेत अमेरिकन सरकारचं इन्स्पेक्शन. सीडीसी, म्हणजे त्यांची रोगनियंत्रण संस्था, तिचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम (जहाजांची स्वच्छता तपासणी) १९७० च्या दशकापासून चालू आहे, न सांगता येतात, १०० पैकी मार्क देतात, ८५ किंवा खाली आलात तर नापास, आणि निकाल सगळ्या जगाला दिसतो. थंड पदार्थ ५ अंशांच्या आत. बर्फावर ठेवलेले दुधाचे जग असतील तर त्यांना वेळ लावलेली असते, चार तास झाले की राहिलेलं ओतून द्यायचं, वरून नवीन भर घालायची नाही. आमच्याकडे आईने कालच्या दुधात आजचं ओतलेलं मी आयुष्यभर बघितलंय, त्यामुळे पहिल्यांदा भरलेला जग सिंकमध्ये ओतताना हात थरथरला होता माझा.

होल, टू पर्सेंट, स्किम, हाफ अँड हाफ, यातलं चहाला कुठलं घ्यायचं?

होल. अमेरिकन होल मिल्क म्हणजे ३.२५ टक्के फॅट, म्हणजे आपल्या टोन्ड दुधाच्या (३ टक्के) जरा वर. आपलं फुल क्रीम ६ टक्के असतं, घरी म्हशीचं येत असेल तर प्रश्नच नाही, त्यामुळे तिकडचं होलसुद्धा तुम्हाला पाणीदार वाटणार. स्किम तर निळसर पाणीच, त्याच्या वाटेला जाऊ नका.

हाफ अँड हाफ हे दूध नाहीये! अर्धं दूध अर्धी क्रीम, फॅट १०.५ पासून १८ टक्क्यांपर्यंत, कॉफीशेजारी छोट्या कपात ठेवलेलं असतं आणि आपली माणसं ते दूध समजून मुलांना ग्लासभर देतात. मी एका काकांना कॉर्नफ्लेक्सच्या वाडग्यात असे चौदा-पंधरा कप एकेक सोलून ओतताना बघितलंय, शेजारी झाकणांचा ढीग, आणि काकू म्हणतायत "अहो किती घट्ट आहे बघा, इथलं दूध चांगलं आहे." मी काही बोललो नाही.

पण खरं सांगू, चहात होलबरोबर याचा एक कप टाकला ना तर म्हशीच्या दुधाच्या जवळपास चव जाते.

साय येत नाही, म्हणजे दूध नकली आहे का?

नाही हो. होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे दाबाने चरबीचे थेंब इतके बारीक फोडतात की ते परत वर येऊन जमत नाहीत. साय, लोणी, तूप विसरा.

चहा आपल्यासारखा का होत नाही? काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि माझं ठाम मत आहे की यात दोष दुधाचा नसतोच, दूध चांगलंच असतं, ते कोणी उकळत नाही एवढंच. तिकडे चहा म्हणजे गरम पाणी, पिशवी आणि वरून फ्रीजमधलं थंड दूध. पाणी मशीनमधून येईपर्यंत उकळीच्या खाली आलेलं, कप थंड, दूध ४ अंशांचं, मग चहा कोमटच होणार आणि मग शिव्या दुधाला.

बफेत शेगडी नसते. जहाजाच्या गॅलीत म्हणजे स्वयंपाकघरातसुद्धा गॅस नसतो, आगीच्या भीतीने सगळं विजेवर आणि वाफेवर. तेव्हा कोणी तुमच्यासाठी पातेलं चढवून आलं ठेचत बसेल ही आशा आंतरराष्ट्रीय जहाजावर धरू नका, अर्थात भारतीय प्रवासी भरपूर असले तर इंडियन काउंटरला मसाला चहाचा थर्मास असतो, सकाळी आठच्या आत जा, नऊला संपलेला असतो.

तो नसेल तर माझी पद्धत: मगात आधी गरम पाणी घालून फिरवून ओतून द्या, म्हणजे मग गरम होतो. दोन पिशव्या टाका, अर्ध्याहून कमी मग पाणी, आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका, वर बशी झाकून ठेवा. दुधात थेट पिशवी बुडवू नका, बरेच जण तेच करतात, चहा दुधात नीट उतरत नाही, नुसता बदामी रंग येतो. मग वरून गरम दूध. गरम दूध कुठून? कॉफी बारवरून. "स्टीम्ड मिल्क, एक्स्ट्रा हॉट" म्हणायचं. तिथली स्पेशल कॉफी पैशाची असते पण नुसतं दूध तापवून द्यायला बहुतेक ठिकाणी कोणी नाही म्हणत नाही, गर्दी नसताना जा आणि हसून मागा. डायनिंग रूममध्ये वेटरला पहिल्याच रात्री सांगून ठेवलंत तर दुसऱ्या दिवसापासून तो न सांगता किटली आणतो, हे मी स्वतः वेटर मित्रांचं बघितलंय.

चाय लाते नावाचं जे मिळतं ते घेऊ नका. दालचिनीचं सरबत आहे ते.

किंवा सरळ गिरनार, वाघ बकरी असलं प्रीमिक्स न्या, सीलबंद पाकिटं चालतात, त्यात दूध पावडर असतेच, गरम पाणी ओतलं की झालं. चहा शुद्ध असावा वगैरे म्हणणारे लोक चौथ्या दिवशी माझ्याकडे पाकीट मागायला यायचे.

केबिनमध्ये किटली आणि फ्रीज असतो का?

ब्रिटिश बाजारासाठीच्या जहाजांवर किटली असते आणि बरोबर ते अंगठ्याएवढे यूएचटी दुधाचे कप. अमेरिकन जहाजांवर सहसा नसते आणि स्वतःची न्यायचीही नाही, सिक्युरिटी स्कॅनरमध्ये बघून काढून घेतात, इस्त्रीसारखीच. उतरताना परत देतात.

फ्रीजचं नीट ऐका. बऱ्याच जहाजांवर तो फ्रीज नसून कूलर असतो, बाटली गार राहते पण आतलं तापमान ५ अंशांपर्यंत जाईलच असं नाही. बफेतून ग्लासभर दूध आणून रात्रभर त्यात ठेवून सकाळी बाळाला देणं हा प्रकार करू नका. औषधासाठी किंवा आईच्या दुधासाठी खरा फ्रीज हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, देतात.

लहान बाळ आहे, दुधाचं काय?

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या खालचं बाळ घेतच नाहीत, आणि समुद्रात सलग दिवस जास्त असले तर वर्षाच्या खालचंही नाही, हे आधी तपासा. फॉर्म्युला घरून पूर्ण न्या, अधिक चार दिवसांचा जास्त, जहाजावरच्या दुकानात तुमचा ब्रँड मिळेल या भरवशावर राहू नका. सीलबंद डबे नेता येतात, घरी केलेलं पातळ काही नाही. बाटल्या उकळायला गॅलीत पाठवता येत नाहीत, निर्जंतुक करायच्या गोळ्या न्या. वर्षावरच्या मुलाला होल मिल्क, गरम करून मागा, हातावर थेंब टाकून बघा कारण स्टीम केलेलं फार कढत असतं.

आम्ही शाकाहारी / जैन आहोत, दूध-दही चालेल ना?

दूध चालेल. दह्याकडे लक्ष ठेवा. कपातल्या फळांच्या योगर्टमध्ये काही ब्रँड घट्टपणासाठी जिलेटिन घालतात, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून येतं, झाकणावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. साधं प्लेन योगर्ट घ्या आणि तरी विचारा. चीजमध्ये रेनेटचा (चीज करताना दूध घट्ट करायला घालतात तो अर्क) प्रश्न आहेच, खऱ्या इटालियन पार्मेझानला वासराच्या पोटातलंच रेनेट लागतं, तेव्हा पास्त्यावर किसून टाकायला वेटर आला की हात आडवा करा.

ताक मिळेल का?

बटरमिल्क म्हणून मागू नका. एका आजींनी मागितलं, मी नवीन होतो, उत्साहाने गॅलीतून आणलं, ते पॅनकेकसाठीचं घट्ट आंबट बटरमिल्क होतं, आजींनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मराठीत सॉरी म्हणालो. मग त्यांना कळलं मी सिंधुदुर्गातला, मग काय, रोज माझ्याच सेक्शनला. प्लेन योगर्ट, थंड पाणी, मीठ, काट्याने घुसळा, बास.

सोया, बदाम, ओट, लॅक्टोज-फ्री?

मिळतात पण बाहेर मांडलेले नसतात, मागावे लागतात. लॅक्टोजचा त्रास असेल तर आठवडाभर आधी मेल करून ठेवा, कारण लोडिंगची ऑर्डर तेव्हाच गेलेली असते, समुद्रात मधेच कुठून आणणार.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर?

कॉर्डेलिया २०२१ पासून मुंबईहून जातं, तिथे जेवणच आपल्या लोकांसाठी केलेलं, जैनसुद्धा, त्यामुळे वरची चहाची कसरत तिथे लागत नाही. गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या ट्रिपला तर काहीच नेऊ नका. सिंगापूरहून जाणार असाल तर तिथेही भारतीय खूप असतात, इंडियन काउंटर बहुधा असतो. सिंगापूर जवळजवळ सगळं दूध बाहेरूनच आणतं, त्यामुळे तिथल्या बाजारात आयात माल आणि टेट्रा पॅक भरपूर.

जहाजावरचं दूध, चीज बंदरावर उतरताना नेता येतं का?

नाही. विशेषतः ऑस्ट्रेलियात बॅगेतून निघालं आणि आधी सांगितलेलं नसलं तर जागेवर दंड. नाश्त्याचा दह्याचा कपसुद्धा पर्समध्ये टाकू नका.

पूर्वी बोटीवर दूध कसं असायचं?

गाय न्यायचे! थट्टा नाही. १८४० साली क्यूनार्ड कंपनीची ब्रिटानिया बोट लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बॉस्टनला गेली तेव्हा दुधासाठी डेकवर गाय होती. वादळात त्या गायीचं काय होत असेल देव जाणे. मग अमेरिकेत गेल बॉर्डनने १८५६ मध्ये कंडेन्स्ड दुधाचं पेटंट घेतलं, त्यालाही बोटीवर खराब दुधाने आजारी पडलेली मुलं बघून हे सुचलं अशी गोष्ट सांगतात. डबाबंद दूध आणि बर्फखोल्या आल्यावर गायीची सुटका झाली. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या सामानाच्या यादीत १,५०० गॅलन ताजं दूध होतं आणि शिवाय ६०० गॅलन कंडेन्स्ड.

तुम्ही स्टाफवाले कुठला चहा प्यायचा?

क्रू मेसमधला मशीनचा चहा आम्हालाही जायचा नाही. गोव्याचा एक जण होता, गॅलीत रात्रपाळीला, तो पहाटे साडेतीनला ब्रेकफास्टची तयारी सुरू व्हायच्या आत विजेच्या हॉटप्लेटवर छोटं पातेलं ठेवायचा, चहापत्ती त्याने सुट्टीवरून येताना आणलेली, आलं व्हेज सेक्शनचं, आणि दूध डब्यातलं इव्हॅपोरेटेड, कारण ते आधीच आटवलेलं असतं त्यामुळे पाणी घातलं तरी रंग दाट राहतो. पाच-सहा जण आम्ही, कोणी मालवणचा, कोणी मडगावचा, एक रत्नागिरीचा, कागदी कपात प्यायचो उभ्याउभ्याच. साडेचारला सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) यायचा, त्याच्या आत पातेलं धुऊन जागेवर.